पायी चालणाऱ्यांचे खाते

बँकेत एक खाते असते, त्याला 'सस्पेन्स अकाउंट' म्हणतात. रहस्यकथेशी त्याचा काही संबंध नाही. ज्या रकमेचा धनी कोण, हे संध्याकाळपर्यंत ठरत नाही, ती रक्कम तात्पुरती या खात्यात टाकायची, पुस्तके जुळवायची आणि घरी जायचे. दुसऱ्या दिवशी शोध घ्यायचा, असा नियम. प्रत्यक्षात काही नोंदी महिनोन्‌महिने तिथेच मुक्काम ठोकतात. एका शाखेत अशी एक नोंद मी सात वर्षे जुनी पाहिली होती. तिच्यावाचून कोणाचे अडत नव्हते, म्हणून कोणाला घाई नव्हती.

बँक सुटली, तरी हे खाते मनातून गेले नाही. निवृत्तीनंतर सकाळ-संध्याकाळ पायी हिंडू लागलो, तेव्हा लक्षात आले की आपल्या शहरांतला पायी चालणारा माणूस हा असाच सस्पेन्स खात्यातला आहे. तो आहे, हे सर्वांना मान्य. तो कोणाचा, हे मात्र कोणी सांगत नाही.

ही गोष्ट आमच्या घरासमोरच्या रस्त्याची आहे. शहराचे नाव मुद्दाम सांगत नाही. तुमच्या शहराचे नाव घालून वाचलीत, तरी फारसे बिघडणार नाही.

साडेसहाची फुलपुडी

आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू राहतात. वय तेव्हा शहात्तर. रोज सकाळी साडेसहाला त्या खाली उतरत. दूध आणि देवाची फुलपुडी घेऊन, कोपऱ्यावरच्या भाजीवालीशी दोन शब्द बोलून परत येत. सारे मिळून तीनशे मीटरचे अंतर. त्यांच्या जिन्यातल्या पावलांवर आमच्या घरातला चहा ठरलेला असे.

२०२१ ची दिवाळी आठवड्यावर आली होती. काकू फुटपाथवरून चालल्या होत्या. फुटपाथवर नेहमीप्रमाणे विजेची पेटी होती, तिच्यापुढे उखडलेल्या पेव्हर ब्लॉकचा ढीग होता आणि त्याच्यापुढे ओळीने चार मोटारी दोन-दोन चाके वर चढवून उभ्या होत्या. काकू खाली रस्त्यावर उतरल्या. मागून मोटारसायकल आली. मुलगा विशीतला, कामावर निघालेला. त्याने ब्रेक दाबला, पण रात्रीच्या पावसाने रस्ता ओला होता. काकूंच्या खुब्याचे हाड मोडले.

मुलगा पळाला नाही. त्याने आणि मी मिळून काकूंना रिक्षात घातले. इस्पितळात तो बाकावर बसून रडत होता आणि मी त्याला पाणी देत होतो. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात माणसे जमली. कोणी त्या मुलाला दोष दिला, कोणी महापालिकेला, कोणी एकूण जमान्याला. मी गप्प होतो.

दुसऱ्या दिवशी काकू मला म्हणाल्या, "मध्ये गाडी होती हो, म्हणून खाली उतरले. नाहीतर मी फुटपाथ सोडत नाही." मी मान हलवली. त्या चार मोटारींतली पहिली माझी होती, हे काही मी बोललो नाही.

आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. हा केंद्र सरकारचाच आकडा आहे. त्यांतली ३२ हजार ८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दिवसाला सरासरी नव्वद माणसे. काकू यांत नाहीत, त्या वाचल्या. पण जिन्यातली ती साडेसहाची पावले थांबली.

बासष्ट सह्यांचा अर्ज

आम्ही सभ्य माणसे करतात तेच केले. अर्ज लिहिला. 'महापालिकेचा अक्षम्य निष्काळजीपणा' अशी सुरुवात होती. मसुदा माझाच. कादंबरीकाराला विशेषणे फुकट मिळतात. बासष्ट सह्या झाल्या. अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला आणि आता उद्या जेसीबी येणार, अशा थाटात घरी परतलो.

तीन महिन्यांनी उत्तर आले. गतिरोधकाची आमची मागणी 'वाहतूक शाखेकडे वर्ग' केली होती. वाहतूक शाखेने कळवले की, रस्ता महापालिकेचा असल्याने कार्यवाही तिकडूनच व्हावी. विजेची पेटी वीज कंपनीची. ब्लॉकचा ढीग पथ विभागाचा की पाणीपुरवठ्याचा, यावर दोघांचे एकमत नव्हते. रस्त्यावरच्या मोटारी पोलिसांच्या, तर फुटपाथवरची टपरी अतिक्रमण विभागाची. सिग्नलचा खांब महापालिका उभा करते, पण तो किती सेकंद हिरवा ठेवायचा हे पोलीस ठरवतात. महापालिका नगरविकास खात्याखाली आणि पोलीस गृहखात्याखाली. दोघांच्या मधून काकू चालणार!

मला राग आला, पण नवल वाटले नाही. इतकी वर्षे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो होतो. ज्या अर्जात नेमके काय हवे ते नसते, तो अर्ज पुढच्या टेबलावर सरकवणे हीच कारकुनाची सुटका असते. आमच्या अर्जात संताप भरपूर होता, मागणी एकच होती आणि मोजमाप काहीच नव्हते. असा अर्ज माझ्या शाखेत आला असता, तर मीही तो 'वर्ग'च केला असता.

त्यातच मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. राज्यातल्या बहुतेक मोठ्या महापालिकांत त्या वेळी हेच झाले आणि पुढे कित्येक महिने कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. ज्यांच्या दारात जाऊन आरडाओरडा करावा, ते दारच उरले नाही.

टेप धरा, काका

शहाणपण सुचवले ते आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने. गणिताच्या बाई. त्या म्हणाल्या, "आधी मोजू या. त्या तीनशे मीटरमध्ये फुटपाथवरून किती वेळा खाली उतरावे लागते, ते लिहून काढू."

आम्ही चौघे एका रविवारी वही घेऊन निघालो. सतरा ठिकाणी उतरावे लागत होते. प्रत्येक जागेचा फोटो काढला आणि समोर लिहिले, अडथळा कशाचा, रुंदी किती उरली, उंची किती. मग चौकात गेलो. रस्ता साठ फुटी, म्हणजे अठरा मीटर. पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा बरोबर पंधरा सेकंद लागत होता. बाईंनी तिथल्या तिथे हिशेब केला. सिग्नल लावताना माणसाची चाल साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. अठरा भागिले १.२ म्हणजे पंधरा. उत्तर चोख! पण हिशेबातला तो माणूस तरुण आहे, त्याच्या हातात पिशवी नाही आणि त्याने नातवंडाचे बोट धरलेले नाही. आम्ही त्या दिवशी पिशवी घेतलेल्या एका आजींना घड्याळ लावून पाहिले. त्यांना बावीस सेकंद लागले. शेवटची सात सेकंदे त्या अंगावर येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत होत्या.

ही वही घेऊन मी वॉर्ड ऑफिसात गेलो. रस्त्यांचे काम पाहणारी कनिष्ठ अभियंता माझ्या मुलीच्या वयाची होती. टेबलावर फायलींचे डोंगर, खिडकीत सुकलेली मनीप्लांट. मी खुर्चीवर बसताच तिने बचावाची तयारी केली. पण वही उघडल्यावर ती पाने उलटतच राहिली. मग म्हणाली, "हे कोणी केलं? मला दाखवायला याल का?"

दोन दिवसांनी ती सकाळी सातला आली. पायात साध्या चपला, खांद्याला पिशवी, पिशवीत टेप. "काका, टेप धरा," म्हणाली आणि तासाभरात तिने आम्हाला आमचाच रस्ता शिकवला.

पदपथ कसा असावा याचे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक आहे. चालायची मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी, दोन चाकांच्या खुर्च्या समोरासमोर आल्या तरी निघून जातील इतकी. कडेची उंची १५० मिलिमीटरहून, म्हणजे सहा इंचांहून जास्त नको. आमच्या फुटपाथची कड काही ठिकाणी फूटभर होती. इतकी उंच पायरी म्हातारा माणूस चढतच नाही, तो रस्त्याच्या कडेनेच चालतो. मग आपण म्हणतो, फुटपाथ असून लोक वापरत नाहीत!

कोपऱ्यावर ती थांबली. वळणाची गोलाई मोठी ठेवली की गाडीला वेग कमी न करता वळता येते आणि नेमक्या त्याच जागी माणसे रस्ता ओलांडत असतात. गोलाई आवळली की गाडी आपोआप हळू होते. शाळेपुढे नुसते पांढरे पट्टे मारून उपयोग नाही. फुटपाथच्या पातळीचे उंचावलेले क्रॉसिंग करावे. मग माणूस उतरत नाही, गाडीच चढते आणि चढायचे म्हणून हळू येते. "पाटी वाचून वेग कमी करणारे थोडे असतात, काका," ती म्हणाली. "रस्त्यानेच त्यांना हळू करायला लावलं पाहिजे."

ताळेबंद

शेवटी तिने वही मागितली आणि सतरा अडथळ्यांपुढे एकेक अक्षर लिहिले. म. म्हणजे महापालिका, वी. म्हणजे वीज कंपनी, ना. म्हणजे नागरिक. बेरीज झाली. महापालिकेचे सहा, वीज कंपनीचे दोन आणि आमचे नऊ. पाच जागी मोटारी, दोन जागी इमारतींच्या फाटकांचे सिमेंटचे उतार, एका दुकानाची पायरी आणि एक, सांगायला लाज वाटते, सोसायटीने सौंदर्यासाठी मांडलेल्या कुंड्या.

"माझे सहा मी अंदाजपत्रकात घालते," ती म्हणाली. "वीज कंपनीला पत्र देते. नऊचं काय?"

आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळेबंद तपासले. आपला ताळेबंद इतका उघडावाघडा प्रथमच पाहिला. बासष्ट सह्यांच्या त्या अर्जात या नऊंचा उल्लेख नव्हता आणि पहिली सही माझीच होती.

सोसायटीची सभा झाली, ती मी विसरणार नाही. 'फुटपाथ रुंद हवा' यावर हात वर करणारे सगळे 'मग गाड्या कुठे लावायच्या' या प्रश्नावर खाली बसले. एक गृहस्थ म्हणाले, "रोड टॅक्स भरतो आम्ही!" बाईंनी शांतपणे विचारले, "तो रोडवर चालवायचा ना? की फुटपाथवर उभं करायचा?" दुसऱ्यांची भीती होती की, फुटपाथ रुंद झाला की फेरीवाले बसतील. ती खोटी नव्हती. पण फेरीवाल्यांसाठीही २०१४ चा कायदा आहे. जागा आखून द्यायची आणि चालायची पट्टी मोकळी ठेवायची, हे दोन्ही एकाच वेळी करता येते. आमच्या भाजीवालीला आम्ही इमारतीच्या कुंपणालगत तीन फूट मागे जागा दिली. त्या नऊंतला एकही अडथळा तिचा नव्हता, तरी सभेत सर्वांत आधी नाव निघाले ते तिचेच. गरिबाचा अडथळा आधी दिसतो.

त्या सभेत मी उठून सांगितले की, काकू पडल्या त्या दिवशी पहिली मोटार माझी होती. सभागृहात कोणी काही बोलले नाही. नंतर आणखी दोघे उठले. 'दुसरी माझी.' 'तिसरी आमची.' चौथ्या मोटारीचे मालक त्या दिवशी आले नव्हते.

अंदाजपत्रकाचे पंचांग

वाचकांपैकी कोणाला हे करायचे असेल, तर एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. महापालिकेच्या पैशालाही पंचांग असते. वर्ष एप्रिलला सुरू होते, पण त्याचे आकडे आधीच्या हिवाळ्यातच ठरू लागतात. जानेवारीत जाऊन 'या वर्षी करा' म्हणणे म्हणजे लग्नाच्या पंगतीला दक्षिणेच्या वेळी पोहोचणे. आमचे एक वर्ष असेच गेले. दुसऱ्या वर्षी वेळेत प्रस्ताव दिला, २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात काम आले. मग निविदा आणि पावसाळा. पावसाळ्यात खोदाई बंद. प्रत्यक्ष काम झाले तेव्हा २०२४ ची दिवाळी उलटली होती. काकू पडल्या त्याला तीन वर्षे झाली होती.

पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांना आपल्या प्रभागातली छोटी कामे अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. त्याच पुण्यात पादचाऱ्यांसाठी काम करणाऱ्या नागरिकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केले. जंगली महाराज रस्त्यावरचे रुंद पदपथ त्यानंतरचे. ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग गाड्यांसाठी बंद करून पादचारी दिन झाला. एका दिवसाने काय होते, असे तेव्हा अनेकांनी विचारले. मला वाटते, एक होते. रस्ता गाड्यांवाचून कसा दिसतो, ते लहान मुलांना कळते आणि म्हाताऱ्यांना आठवते.

कायद्याचे बळही आता कमी नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले. रस्त्याच्या रचनेत सुरक्षेची मानके पाळली नाहीत आणि त्यामुळे कोणी मेले वा जायबंदी झाले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वापरता येतील असे मोकळे पदपथ मिळणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे काकूंची फुलपुडी आता घटनेत आहे! पण न्यायालय टेप धरायला येत नाही. ते काम ज्याच्या दारासमोरचा रस्ता त्याचे.

आणि टेप धरायला फार काही लागत नाही. एक वही, एक रविवार आणि चार माणसे. विशेषणे कमी, आकडे जास्त. अर्जावर तारीख आणि आवक क्रमांक. ज्या अधिकाऱ्याकडे काम, त्याच्याबरोबर रस्त्यावर एक फेरी. टेबलावरचा अधिकारी आणि रस्त्यावरचा अधिकारी ही एकाच देहातली दोन माणसे असतात, हा माझा अनुभव. आणि यादीत आपले अडथळे आधी. ते लिहिले की समोरच्याचा बचाव गळून पडतो.

शिल्लक

सगळे झाले, असे नाही. शाळेसमोर उंचावलेले क्रॉसिंग झाले. कोपरा आवळला गेला. कडेची उंची सहा इंचांवर आली आणि दोन्ही टोकांना उतार मिळाला. सिग्नल पंचवीस सेकंदांचा झाला. त्याला कोणताही खर्च आला नाही, फक्त चार फेऱ्या पडल्या. पण विजेची एक पेटी अजून तिथेच उभी आहे. काम संपून सहा महिने होत नाहीत तोच केबलवाल्यांनी एका जागी खणले आणि ब्लॉक पुन्हा बसवले ते लाटांसारखे. रात्री दहानंतर दोन मोटारी हळूच वर चढतात. त्यांतली एक त्या चौथ्या गृहस्थांची असावी.

त्या अभियंता बाईंची आता बदली झाली आहे. नव्या साहेबांना आम्ही वहीची प्रत दिली. वही आता तिसरी चालू आहे.

माझी मोटार मी चारशे मीटर लांब, भाड्याच्या जागेत लावतो. महिन्याचे भाडे जड वाटते. फार पूर्वीपासून देणे लागत होतो, ते आता हप्त्याने फेडतो आहे.

काकू वॉकर घेऊन चालू लागल्या, पण घरातल्या घरात. रस्ता झाल्यावर मी त्यांना म्हटले, "चला, दाखवतो." नको म्हणाल्या. पुन्हा म्हटले. एका रविवारी आम्ही लिफ्टने खाली आलो. उतारावरून वॉकर सहज वर चढला. कोपऱ्यापर्यंत जायला आम्हाला वीस मिनिटे लागली. भाजीवालीने तिचे स्टूल पुढे केले, फुलपुडीचे पैसे घेतले नाहीत.

परतताना जिथे त्या पडल्या होत्या, तिथे मी थांबलो आणि जे तीन वर्षांपूर्वी इस्पितळात सांगायला हवे होते, ते सांगितले.

काकू वॉकरवर हात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं. रोज तीच तर गाडी असायची. चला, ऊन वाढलं."

आणि त्या पुढे चालू लागल्या. फुटपाथवरून.